कौसासाठी जुनी गाडी बघाय गेलतो तवा

बसा. चहा येतोय, पर आधी एक पैज लावा. ह्या दिवाळीच्या आधी आपल्या कडा गावात एक जुनी मोटारसायकल इकली गेली. ती कोणाला भेटली, केवढ्याला भेटली, आन पैशे कोणी मोजले, ह्ये तिन्ही बरोबर सांगा. सांगितलं तर भजे मपल्याकडून. आख्ख्या कड्यात आजून एकाला बी सांगता आलं न्हाई. तुमाला बी यायचं न्हाई, लिहून घ्या!

आता तुमी म्हणताल, नाना, तुमच्याकडं येवढे किस्से येतेत तरी कुठून? आरं बाबा, आपल्या मेहबूब मिस्त्रीच्या गॅरेजात त्यो चिंध्यांचा ढीग बघितला का? हात पुसायचा, चिंधी कोपऱ्यात टाकायची. कोणी ठरवून ढीग करत न्हाई, आपोआप व्हतो. किश्श्याचं तसंच हाय. चार माणसं जुनी गाडी बघाय निघाले का आठ दिवसांत कोपरा भरून जातो.

चार माणसं म्हंजी कोण? एक मी. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली, सही येती, सहीच्या पुढचं वाचता येत न्हाई. दुसरा मेहबूब, मिस्त्री. तिसरा रामा, मपल्या थोरल्या भावाचा पोरगा. आन चवथी कौसा, रामाची बायको. गाडी तिलाच पायजे व्हती.

रामा-कौसा दर साली ऊसतोडीला जातेत. मागल्या साली राहायच्या खोपी एकीकडं आन उसाचा फड दुसरीकडं. कौसा डोक्यावर भाकरीचं गठूडं, हातात कोयता घेऊन रोज दोन कोस चालली, यायचे दोन येगळे. ह्या साली तिनं दसऱ्यालाच सांगून टाकलं, "गाडी न्हाई तर मी येत न्हाई." आन तोडीला नवरा-बायको जोडीनं मोजतेत. कौसा न्हाई तर रामाचा बी नंबर गेला! मुकादमाचा ट्रॅक्टर निघायला नऊ दिवस. कौसाकडं पंचवीस हजार, तिनं ते पिशवीत शिवून कमरंला बांधलेले. नवऱ्याच्या हातात एक नोट दिली न्हाई.

म्या म्हणलं, "कौसा, काळजी करू नको. म्या हजार बैलं पारखलेत. गाडीला तर पायबी दोनच असतेत."

*

पयली गाडी धानोऱ्याकडं. मेहबूबनं भाड्याच्या जीपात बसल्या-बसल्या आमाला शिकवलं, "नाना, जुनी गाडी थंडी बघायची. मालक आधीच चालू करून ठेवतो, गरम इंजन लगेच उचलतं. तवा गेल्या-गेल्या आधी इंजनाला हात लावायचा. बोलणं नंतर."

हे मपल्या ध्यानात बसलं. बैलाचं बी तसंच असतं. गेल्या-गेल्या पाठीवर थाप मारायची, कातडी कशी थरथरती बघायची.

गेलो. गाडी दारात उभी. मालक लई गोड माणूस. "या नाना, बसा नाना. गाडी का? दोन दिवस झाले हात लावला न्हाई बगा तिला!"

म्या जवळ गेलो, आन सवयीनं मागल्या अंगाला, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतो तशी थाप मारली. तिथं सायलेन्सर व्हता.

आई गं! हाताची चारी बोटं जागच्या जागी भाजले. मी आंगणात नाचायलोय, मालकाची बायको पाणी आणतीय, आन मेहबूब शांतपणी मालकाला म्हणतोय, "दोन दिवस हात लावला न्हाई ना? बराबर. आमच्या नानानं लावला, आता समद्यांला कळलं."

मालक म्हणला, "आवो, ऊन लई पडतंय आमच्याकडं!"

*

दुसरी आष्टीला. कालेजातल्या पोराची गाडी. रंग हिरवा, आरसे काढलेले, टाकीवर वाघाचा फोटो, आन सायलेन्सर असा का चालू केली का शेजारची शेळी दावं तोडून पळाली. मेहबूब मपल्या कानात म्हणला, "आवाज कावून येवढा ठेवलाय सांगू? इंजनाची कुरकुर आयकू येऊ नये म्हणून." मग त्यो गाडीवर बसून आळीला एक चक्कर मारून आला. येताना दोन्ही हात सोडून आला. गाडी सरळ यायची सोडून डाव्या अंगाला, गटारीकडं निघाली.

"कुठं आपटलीय का रं?" मेहबूबनं इचारलं.

"न्हाई ओ. तिची स्टाईलच तशी हाय!"

तरीबी कौसाला शीट पसंत पडली. मऊ व्हती. मंग म्या म्हणलं, भाव तर काढून बघू. आता आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची. दोन बोटं म्हंजी ईस हजार. आजूबाजूच्याला काय कळत न्हाई. चाळीस वर्षं म्या तोंडानं भावच सांगितला न्हाई, तर आता कसा सांगू? म्या उपरणं पसरलं, पोराचा हात आत घेतला, आन मया करून दोन बोटं दाबली.

पोरगं तीन हात उडालं! "ओ काका! काय करताय? मम्मीऽऽ!"

मम्मी लाटणं घेऊनच आली. "हात सोडा आधी पोराचा!"

"आवो ताई, मी भाव करतोय."

"कशाचा भाव?"

रामा जीपाकडं पळाला. कौसानं तोंडात पदर कोंबला. मेहबूब जाताना म्हणला, "नाना, फुडच्या वेळंला तुमी दुरूनच बघत जावा. गाडी न्हाई भेटली तरी चालल, पर जमानत द्यायला मपल्याकडं कागद न्हाईत!"

*

तिसऱ्या गाडीचा मालक पानटपरीवाला. गाडी चांगली चकचकीत. मी कागद मागितले. मला वाचता येत न्हाई ही गोष्ट येगळी, पर कागद हातात घेऊन कपाळाला आठ्या घालायच्या, एकदा उन्हाकडं धरायचा, एकदा मालकाकडं बघायचं. खोटा माणूस असला का घामाघूम व्हतो. वाचणाऱ्यापेक्षा न वाचणाऱ्याला जास्त भेतेत लोकं!

तर कार्डावर नाव दुसऱ्याचंच निघालं. रामानं वाचलं.

"ह्यो कोण?"

"पयला मालक. त्याच्याकडून मपल्या मेव्हण्यानं घेतली, मेव्हण्याकडून एका ड्रायवरनं, ड्रायवरकडून म्या. नावावर कोणीच केली न्हाई. स्टांपावर लिहिलेलं हाय समदं."

"मंग पयल्या मालकाची सही लागंल."

"त्यो वारला."

कौसानं हात जोडले बिचारीनं, कोण का असंना, माणूस तर गेला.

"मंग सही कोण करणार?" म्या इचारलं.

"त्याची काय काळजी न्हाई नाना. सही म्या करतो. ड्रायवरच्या टायमाला बी म्याच केलती. त्याला स्वतःला येवढी भारी जमत नव्हती!"

मेहबूब तेवढ्यात गाडीखाली वाकून, ओल्या फडक्यानं चेसीचा नंबर पुसून बघत व्हता. म्हणला, "रामा, कार्डावर शेवटचे दोन आकडे काय हायेत?"

"चव्वेचाळीस."

"इथं एकाहत्तर हाय."

टपरीवाला म्हणला, "आसंल की. माणूस वारल्यावर काय काय बदलतंय!"

जीपात बसल्यावर कौसा म्हणली, "नाना, सहा दिवस राह्यले."

*

चवथ्या गाडीनं मपली लाज काढली. मालक म्हणला, "एकहाती गाडी. आमच्या घरातल्या मास्तरची हाय. घर ते शाळा, शाळा ते घर. फिरलीच कुठं? आकरा हजार किलोमीटर."

म्या काट्याकडं बघितलं. मेहबूब म्हणला, "नाना, काटा बघू नका, त्यो उलटा फिरवता येतो. पायाकडं बघा. गेर टाकायचं पायडल, पाय ठेवायचं रबर, ब्रेकचा दांडा. जितकी गाडी फिरती तितकं ते झिजतं. ते कोणी बदलत न्हाई."

हे मला लई आवडलं! बैलाचे दात बघितल्यावानी झालं. मी खाली बसलो. रबर नवं कोरं. पायडल नवं कोरं. म्या उठून म्हणलं, "कौसा, गाडी तरणी हाय. चार दाती बी न्हाई. घे."

कौसानं गाडीला एक चक्कर मारली. मागं दोन्ही बाजूनं पत्रा बघितला. दोन्हीकडं सारखेच खळगे, सारख्याच उंचीला. मंग वाकून शीटाचा वास घेतला. आन मालकाला इचारलं, "दादा, मास्तर वर्गात दूध घालतेत का?"

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन्हीकडं कँड्या लटकवून गावोगाव दूध घालणाऱ्याची गाडी व्हती ती! आकरा हजार म्हंजी एका साली फिरत आसंल. रबर आन पायडल इकायच्या आदल्या दिवशी नवे घातलेले.

मेहबूब मला म्हणला, "नाना, तुमी बैलाचे दात बघितले. तिनं बैलाला इचारलं."

*

पाचव्या वेळंला मात्र म्या एक गंमत केली, ती सांगायलाच पायजे. एका वाळूच्या ठेकेदाराकडं गाडी व्हती, गेवराईच्या वाटंला. म्या म्हणलं, चक्कर मारून बघतो. एका चकरंत काय कळत न्हाई, दोन माणसं बसून चढाला घातली पायजे, तवा धूर निघतो का बघता येतं.

ठेकेदार लई हुशार. म्हणला, "तुमी गाडी घेऊन पळून गेलात तर? काय तरी ठेवून जा."

म्या आजूबाजूला बघितलं. पैशे कौसाच्या कमरंला, ती सोडणार न्हाई. मंग म्या म्हणलं, "ह्यो मिस्त्री ठेवा."

मेहबूब म्हणला, "नाना, मपल्याला इचारा तरी!"

"आरं, पाच मिन्टं. बस सावलीला."

रामा-कौसा गाडीवर निघाले, मी मागच्या जीपात. चढ चढली, धूर न्हाई. उतरली, ब्रेक लागला. कौसाच्या तोंडावर पयल्यांदा हसू बघितलं. आन तिथंच पेट्रोल संपलं! ठेकेदारानं टाकीत नावापुरतं घातलेलं. पंप चार कोस. जीपवाला मला तिथं उतरवून दुसऱ्या भाड्याला निघून गेलेला. ढकलत, बाटलीत पेट्रोल आणत, परत यायला साडेतीन घंटे लागले.

येऊन बघतो तर काय! मेहबूब कोपरापातूर काळा. ठेकेदाराच्या डिझेल पंपाचं काम केलेलं, दोन ट्रॅक्टरच्या लायटी लावलेल्या, आन पोराच्या सायकलीचं पंक्चर काढणं चालू.

मला बघून म्हणला, "या नाना. पाच मिन्टं झाले का?"

गाडीचं काय जमलं न्हाई. ठेकेदार चाळीसाच्या खाली येईना. पर निघताना त्यो मला बाजूला घेऊन म्हणला, "गाडी घ्या नका घेऊ. मिस्त्री उद्या बी सोडून जाताल का?"

मेहबूब दोन दिवस मह्याशी बोलला न्हाई.

*

सहावीच्या टायमाला चूक मपली व्हती, हे मी कबूल करतो. म्हंजी तवा केलं न्हाई, आता करतो.

गेवराईकडंच एका खेड्यात सत्तरीचा म्हातारा. गाडी अशी ठेवलेली, का चाकाच्या तारा पुसलेल्या. थंडी गाडी, एका लाथंत चालू. मेहबूबनं कान लावून आयकलं, चेन बघितली, आन पयल्यांदा म्हणला, "घ्या." भाव एकवीस हजार. कौसानं कमरंची पिशवी सोडली. सौदा झाला! तीन दिवस राह्यलेत, गाडी भेटली, मी मनात म्हणलं, चला सुटलो.

रामा म्हणला, "आजोबा, चावी."

म्हातारा म्हणला, "चावी देत नसतेत."

"म्हंजी?"

"जनावर इकलं तरी दावं देत नसतेत. दावं मालकाचं. दावं दिलं का दावणीची बरकत जाती."

आता हे खरं हाय. बाजारात बैल इकला का मालक आपलं दावं सोडून घेतो, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. चाळीस वर्षं म्या लोकांला हेच सांगितलं.

रामा म्हणला, "आवो आजोबा, चावीबिगर चालू कशी व्हईल?"

"ढकलत न्या. तुमच्या गावात नवी करा."

कौसा मह्याकडं बघायली. आता खरं तर मी म्हाताऱ्याला समजावून सांगायला पायजे व्हतं. पर मला राहावलं न्हाई! म्या म्हणलं, "रामा, म्हातारा बरोबर बोलतोय. रिवाज म्हंजी रिवाज."

मंग काय, म्हातारा खूश. म्हणला, बसा. आमी दोघं बसलो. दावं द्यावं का न्हाई, घुंगरं कोणाचे, वेसण कोणाची, शिंगाला लावलेला रंग कोणाचा, सगळ्याचा खल चालला. असा जाणकार माणूस लई दिवसांनी भेटला व्हता! मेहबूब दोनदा खाकरला. कौसा तीनदा म्हणली, "नाना, चला."

शेवटी आमचं ठरलं, का चावी द्यायची, पर चावीचा छल्ला मालकानं ठेवायचा. दोघांला पटलं. म्हातारा चावी आणाय आत गेला, आन तसाच बाहेर आला.

"चावी पोरगं घेऊन गेलं."

आमी बोलत बसलो तवर मागल्या दारानं त्याचं पोरगं आलं, आपल्याला इचारल्याबिगर बाप गाडी इकतोय म्हणून तापलं, आन गाडी घेऊन निघून गेलं. आमाला आवाज आयकू आलता. म्याच म्हणलं व्हतं, "बगा, इंजन किती गोड वाजतंय!"

येताना जीपात कौसा, न मोजलेले पैशे कमरंला परत बांधत, एकच वाक्य बोलली. "नाना, तुमी कोणाकडून हाव?"

*

आता शेवटची. चहा थंड व्हयलाय, पीत आयका.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघणार. एकच दिवस हातात, आन एकच गाडी. कड्यातलाच युनूसभाई, सीताफळवाला. त्यानं मालासाठी तीनचाकी घेतली म्हणून मोटारसायकल इकायला काढलेली. मेहबूब आदल्या दिवशी बघून आलता. म्हणला, "नाना, ह्या माणसानं गाडीची खोड मला स्वतः सांगितली. म्हणला, मागचा ब्रेक नवा घालावा लागंल, चेन सहा महिन्यात बदला. असा मालक म्या बघितला न्हाई. डोळे झाकून घ्या." भाव मात्र इचारला नव्हता, भाव करणं मपलं काम.

कौसा म्हणली, "मी आन रामा जातो, इचारतो, घेतो."

म्या म्हणलं, "अजिबात न्हाई. तुपल्या तोंडावर गरज दिसती. आधी मी जातो, परका गिऱ्हाईक म्हणून. गाडीला नावं ठेवतो, पंधरा म्हणतो, मालकाचं मन खचवतो. अर्ध्या घंट्यानं तुमी या, सतरा म्हणा. त्यो पाया पडून दील. आन मला फोन करायचा न्हाई, वळख दाखवायची न्हाई."

कौसा फोन घेऊन दाराबाहेर गेली. तवाच मला कळायला पायजे व्हतं.

गेलो. बाजाराचा दिवस, युनूसभाईच्या हातगाड्याभोवती दहा-पंधरा माणसं. गाडी बाजूला उभी. युनूसभाई मला फळं घेताना नुस्ता तोंडवळखीचा, त्यामुळं बरंच व्हतं. म्या गाडीला चक्कर मारली, तोंड वाकडं केलं, आन मोठ्यानं म्हणलं, "ही व्हय! हिला तर भंगारवाला बी उचलायचा न्हाई. पंधरा हजार देतो, तुमच्यावर मेहरबानी म्हणून."

युनूसभाई म्हणला, "नाना, आयका तर, मी सांगतो..."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सोळा!"

वळून बघतो तर एक तरणा गडी. काळा चष्मा, मांडीला चिटकलेली पँट. कधी बघितलेला न्हाई. मपल्या डोक्यात वीज चमकली. आरं, ह्यो तर युनूसभाईचाच माणूस! भाव चढवायला उभा केलेला गिऱ्हाईक! बाजारात अशे म्या दोनशे बघितलेत. म्या म्हणलं, "सतरा."

"आठरा."

युनूसभाई म्हणला, "आवो, दोघं बी जरा..."

"तुमी थांबा!" आमी दोघं एकदमच म्हणलो.

"एकोणीस."

"ईस."

आता मला शंका आली, का हा खोटा नव्हंच, खराच गिऱ्हाईक हाय. म्हंजी गाडी हातची जाणार. उद्या ट्रॅक्टर. कौसा येणार न्हाई, रामाचा नंबर जाणार, आन समदं गाव म्हणणार, नानानं घालवलं. आन गर्दी वाढलेली! चाळीस वर्षांचा दलाल, आन चष्मेवालं पोरगं त्याला मागं सारतंय? म्या उपरणं कमरंला बांधलं.

"बावीस!"

"तेवीस!"

"पंचवीस!"

"सव्वीस!"

युनूसभाईनं कपाळाला हात लावला. "मपलं कोणी आयकतंय का?"

कोणीच आयकत नव्हतं. एक जण शिट्टी वाजवत व्हता. कोणीतरी ओरडलं, "नाना, मागं हटू नका!" हे असं कोणी म्हणलं का मपल्या जिवाला काय व्हतं ते तुमाला म्हाईत हाय.

"आठ्ठावीस!"

"तीस!"

"साडेतीस!"

"एकतीस!" पोरगं घामाघूम झालेलं. खिशातून मोबाईल काढला, म्हणला, "थांबा एक मिन्ट. फोन करून इचारतो."

म्या मनात म्हणलं, कच्चा हाय! भर सौद्यात मालकाला इचारतोय! त्यो चार पावलं बाजूला गेला तेवढ्यात म्या युनूसभाईचा हात धरला, त्याच्यावर टाळी मारली. "साडेएकतीस! समद्या बाजारासमोर. हा घ्या पाचशे इसार. मपली जबान!"

टाळ्या पडल्या बघा! कोणी म्हणलं, नाना म्हंजी नाना.

तवर रामा आन कौसा आले. कौसाचा फोन वाजत व्हता. तिनं कानाला लावला, आन चार पावलांवर उभा असलेला चष्मेवाला फोनात म्हणला, "ताई, गाडी चांगली हाय, पर हितं एक म्हातारं लई पेटलंय गं! म्या एकतीसपातूर नेली, ते काय सोडत न्हाई. फुडं जाऊ का?"

कौसानं फोन कानावरून काढला. मह्याकडं बघितलं. मंग त्याच्याकडं.

"नाना," ती म्हणली, "ह्यो दत्ता. मपला मावसभाऊ. म्या त्याला पाथर्डीहून बोलावून घेतला. म्हणलं, नाना जायच्या आत सौदा करून टाक, न्हाई तर ही बी गाडी दाव्यात जाईल. किती बी व्हवो, सोडू नको, कमी पडले तर उसने घेऊ म्हणलं व्हतं."

दत्तानं चष्मा काढला, मपल्या पाया पडला. म्हणला, "नाना, तुमी लई ताणता."

युनूसभाई हातगाड्याला टेकून हसायला लागला. हसता-हसता डोळे पुसले. "आरं, मी मघापासून सांगतोय, कोणी आयकंल तर शप्पत! मपल्या गाडीची किंमत आठरा हजार. म्या पाटी लिहून ठेवलीय बगा."

सीताफळाच्या कॅरेटामागून त्यानं खरंच पुठ्ठा काढला. मोठे-मोठे आकडे. आकडे मला येतेत.

म्हणला, "नाना, झालं गेलं. आठरा द्या आन चहा घ्या."

आता तिथं मी गप बसायला पायजे व्हतं का न्हाई? पर सगळा बाजार उभा. आन मागून कोणीतरी म्हणलं, "नाना, टाळी मारलीय बरं का! आता जबान फिरवता?"

म्या छाती काढली. "कोण म्हणतं फिरवतो? चाळीस वर्षांत नानानं जबान फिरवली न्हाई. साडेएकतीस म्हंजी साडेएकतीस!"

लोकांनी परत टाळ्या मारल्या. मी कौसाकडं बघितलं, का पिशवी सोडंल म्हणून.

तिनं सोडली. दोनदा मोजून आठरा हजार युनूसभाईच्या हातावर ठेवले, पिशवीची गाठ परत बांधली, आन पदर डोक्यावर घेऊन लई आदबीनं म्हणली, "नाना, मपल्या गाडीची किंमत आठरा हाय. तुमच्या जबानीची किंमत तुमी द्या."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला. मागून रामा गाडीवर, त्याच्यामागं कौसा, मांडीवर भाकरीचं गठूडं. मला बघून तिनं हात बी हलवला. पर जबान राखायला त्याच बाजारात मपले दोन बोकड गेले, आन वरचे पैशे घरातून घातले.

तर गाडी कौसाला आठरा हजाराला पडली. मला साडेतेरा हजाराला पडली, आन म्या तिच्यावर आजून एकदा बसलो बी न्हाई!